रशीदभाई आणि अर्ध्या तासाचं बीड

रशीदभाईंच्या शर्टाच्या खिशात मी कधी पेन पाहिलं नाही. शिसपेन्सिल असायची, मागच्या टोकाला रबर लावलेली. व्हिडिओ कॅसेटच्या पट्टीवर ते पेन्सिलीनंच लिहायचे: 'नगरपालिका सभा', 'नारायणगड यात्रा', 'आठवडी बाजार'. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं की उभ्याउभ्याच ते अक्षर खोडायचं, कॅसेट मागं फिरवायची आणि कॅमेऱ्यात घालून नव्या बातमीला निघायचं. काल शहरात जे काही झालं असेल ते अशा रीतीनं रोज सकाळी पुसलं जायचं. मी एकदा म्हटलं, "भाई, थोडं तरी ठेवा ना सांभाळून." ते म्हणाले, "ताई, कालच्या पेपरात लोक भजे बांधून नेतेत. कालची बातमी मी कावून सांभाळू?"

खरं कारण एवढंच होतं, की त्यांच्याकडे कॅमेरा एक आणि कॅसेटी डझनभर होत्या. पण अडचणीचंही तत्त्व करून सांगायची भाईंना खोड होती. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, त्यामुळे असली तत्त्वं मी वहीत लिहून घ्यायची. ती वही अजून आहे. रशीदभाई मात्र मागच्या वर्षी गेले, आणि त्यांचं चॅनल त्याच्याही कितीतरी आधी गेलं. आज बीडमध्ये ज्याच्या हातात मोबाइल आहे तो बातमीदार आहे. अशा वेळी एका माणसानं एका कॅमेऱ्यावर रोज अर्धा तास शहर चालवून दाखवलं होतं, हे सांगितलं तर मी शिकवते त्या कॉलेजातल्या मुलांना खरं वाटत नाही.

रशीदभाई मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. माळीवेशीत त्यांच्या अब्बांचं दुकान होतं. खेड्यापाड्यांतून लोक धोतराच्या सोग्यात गुंडाळून रेडिओ आणायचे आणि बसची वेळ होईपर्यंत तिथंच पायरीवर बसायचे. दुरुस्त झालेला रेडिओ अब्बा आधी रस्त्याकडं तोंड करून लावायचे, म्हणजे बातम्यांच्या वेळेला दुकानापुढं पंधरा-वीस माणसं सहज उभी राहायची. मग टीव्ही आला. भाईंची ज्वानी बिडातल्या गच्च्यांवर गेली. वर भाई अँटेना फिरवायचे, खाली घरातली सगळी माणसं पडद्याकडं बघत "मुंग्या! मुंग्या! आलं! गेलं!" असं ओरडायची. पुढं डिश आली, तारा आल्या, केबल आली. ज्या गच्च्यांवर अँटेना बांधल्या त्याच गच्च्यांवरनं भाईंनी केबलची तार ओढली. आणि एक दिवस त्यांच्या डोक्यात आलं, की या तारेतून सगळ्या जगाचं येतंय, मग बीडचं का नाही?

त्यासाठी त्यांना बातम्या वाचणारं कुणीतरी हवं होतं. मी एम. ए. करत होते. आईचा विरोध होता. केबलवर तोंड दाखवल्यावर लग्नाचं कसं, हा तिचा प्रश्न होता. मी तिला न सांगता दुकानात गेले. भाईंनी माझ्या हातात शिळा पेपर दिला आणि म्हणाले, "तुमी वाचा. मी पलीकडं उभं ऱ्हातो." आणि खरंच रस्ता ओलांडून समोरच्या पानटपरीपाशी जाऊन उभे राहिले. मधून रिक्षा जात होत्या, कांद्याचा एक टेंपो अडकून हॉर्न वाजवत होता, आणि मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून जिल्हा परिषदेच्या बैठकीची बातमी ओरडत होते. दोन ओळी झाल्या नाहीत तोच पलीकडून आवाज आला, "ऐकू येतंय, पर कळंना! एवढी घाई कावून? बस सुटायली का तुमची?"

मी चिडले आणि चिडून सावकाश वाचलं. भाई रस्ता ओलांडून आले, पानवाल्याकडं बोट करून म्हणाले, "त्याला कळलं. उद्यापासून या." शेवटपर्यंत त्यांची परीक्षा हीच राहिली. माझं वाचन कसं झालं हे ते मला कधी सांगायचे नाहीत. पानवाल्याला काय कळलं, तेवढं सांगायचे.

आमचा स्टुडिओ म्हणजे दुकानामागची खोली. भिंतीवर निळी चादर, समोर लाकडी टेबल, टेबलावर प्लॅस्टिकची फुलं. पंखा लावला की माइकमध्ये घरघर यायची, म्हणून पंखा बंद. उन्हाळ्यात मी अर्धा तास हसऱ्या चेहऱ्यानं घाम गाळायची. भाई दिवसा स्कूटरवर कॅमेरा टाकून शहरभर फिरायचे, दुपारी दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून चित्रं लावायचे, चित्रावर माझा आवाज भरायचे आणि संध्याकाळी साडेसातला कॅसेट चालू करायचे. कॅमेरामन, संपादक, इंजिनिअर, सगळं तेच. तरी ते कधी पडद्यावर आले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणायचे, "मिस्त्रीनं रेडिओच्या आत ऱ्हावं, ताई. बाहेर आवाज यावा."

बातमीचं त्यांचं शास्त्र वेगळं होतं. कुठल्याही कार्यक्रमाची बातमी असली की त्यांची एकच सूचना असायची: "नावं सगळी घ्या, ताई." अध्यक्ष कोण, उद्घाटक कोण, प्रमुख उपस्थिती कुणाकुणाची, आभार कुणी मानले. एकदा मी कंटाळून एका पतसंस्थेच्या उपाध्यक्षांचं नाव गाळलं. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ दुकानात आले. भांडले नाहीत. नुसते बसले. चहा झाला, दुसरा चहा झाला, दुपार झाली, तरी बसलेलेच. शेवटी भाईंनी त्यांना हात जोडले आणि त्या संध्याकाळी मी कारण नसताना त्यांचं नाव वाचलं. ते घरी जेवायला गेले. भाई मला म्हणाले, "नाव घेतलं की माणूस घरी ऱ्हातो. नाव राहिलं की दुकानात येऊन बसतो." मी हेही वहीत लिहून घेतलं.

अशी पाच-सहा वर्षं गेली असतील. एका सकाळी दुकानात एक बाई आल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पायात स्लिपर. पाली गावच्या कौसाबाई. मी तिथंच होते. त्यांनी भाईंना विचारलं, "तुमीच का शाळेचं शूटिंग करणारे?" भाई हो म्हणाले. मग त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सांगितलं. बिंदुसरा नदीवरच्या धरणाजवळ त्यांचं गाव. तिथल्या शाळेत दोनेक महिन्यांपूर्वी बक्षीस समारंभ झाला होता. त्यांची मुलगी मनीषा सातवीत. तिनं 'आमच्या गावचं धरण' या विषयावर भाषण केलं होतं, आणि भाईंनी ते कॅमेऱ्यात घेतलं होतं. पालीला तेव्हा केबल नव्हती. बातमी बघायला बिडात मावशीकडं यायचं मायलेकींचं ठरलं होतं, पण ते राहून गेलं. पुढच्या महिन्यात मनीषाला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली.

"फोटू हाय तिचा," कौसाबाई म्हणाल्या. "तोंडाचं काय न्हाई, डोळे मिटले की दिसतंय. पर आवाज जायलाय, भाई. पयले कानात यायचा. आता लई ताण दिला तरी यीना. तेवढं भाषण मला द्या."

मी भाईंकडं पाहिलं. ती कॅसेट कधीच पुसली गेली होती हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी पुसली गेली होती, रोजच्यासारखी. भाई पेन्सिल हातात फिरवत राहिले आणि म्हणाले, "शोधावं लागल, माय. शुक्रवारी या."

शुक्रवारी त्या आल्या. भाई म्हणाले, पुढच्या शुक्रवारी. त्या पुन्हा आल्या. भाईंनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या शुक्रवारी त्या जाईपर्यंत मी गप्प बसले आणि नंतर माझा तोल सुटला. मी म्हटलं, "भाई, त्या बाई कामावरचा खाडा करून येतात. पुसली म्हणून सांगून टाका ना एकदाचं." ते माझ्यावर खेकसले, "तुमी सांगा मग! हाय हिंमत?" माझ्यातही नव्हती. दुपारी आम्ही रोजच्यासारख्या बातम्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी भाई दुकानात नव्हते. दुपारी आले ते स्कूटर लावून पायरीवरच बसले. पालीला जाऊन आले होते. कौसाबाईंच्या दारात उभं राहून त्यांनी सांगितलं होतं, की कॅसेट माझ्या हातानं पुसली, आणि पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं. मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काय न्हाई. पाणी देलं प्यायला." भाईंनी खिशातली पेन्सिल काढून परत ठेवली. "मग म्हणली, तर मला तीन शुक्रवार कावून बोलावलं? ताई, शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्या संध्याकाळी जे झालं ते बिडातल्या बऱ्याच जुन्या माणसांना आठवत असेल. मी बातम्या संपवल्या आणि नमस्कार केला. त्यानंतर पडद्यावर रशीदभाई दिसले. कॅमेरा त्यांनी स्वतःच समोर लावून ठेवला होता, त्यामुळे चौकटीत त्यांचं कपाळ अर्धंच आलं होतं. इतरांना रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असं वाचायला लावणारा माणूस इतका हळू बोलला, की लोकांना टीव्हीचा आवाज वाढवावा लागला असणार. ते म्हणाले, "मी रशीद. हे चॅनल माझं हाय. पालीच्या शाळेचा कार्यक्रम आपण दाखवला हुता. त्यात भाषण करणारी एक लेक आता न्हाई. तिची कॅसेट मी पुसली. ती चूक माझी. तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी टीव्हीवरून बातम्या भरून घेतल्या असतील तर मला द्या. पाहून परत करतो." हे त्यांनी आठवडाभर रोज दाखवलं. दुकानात येणारे लोक म्हणाले, भाई, स्वतःच्या तोंडानं स्वतःची अब्रू कावून घालवता? भाई संध्याकाळी पुन्हा तेच लावायचे. कॅसेटी पुसणं मात्र त्या दिवसापासून बंद झालं. नव्या कॅसेटींसाठी त्यांनी काय काय विकलं ते मला नंतर कळलं. ते गेले तेव्हा त्यांच्या घरात दोन कपाटं भरून बीड होतं.

लोकांनी कॅसेटी आणल्या, पण कुणाच्या लग्नाच्या, कुणाच्या क्रिकेटच्या मॅचच्या. भाई प्रत्येक कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायचे, कारण लोक एकावर एक भरतात आणि शेवटी काय सापडेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. महिनाभर त्यांनी परक्यांची लग्नं पाहिली. मग एक दिवस केजहून निरोप आला. तिथले एक माजी उपसभापती त्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून गेले होते. त्यांच्या बिडातल्या जावयानं ती बातमी भरून त्यांना पाठवली होती. भाई पहिल्या बसनं केजला गेले आणि कॅसेट घेऊन दुपारी परत आले. येताना त्यांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी हसू पाहिलं. "लाजत हुते बिचारे," ते म्हणाले. "सोताचं नाव टीव्हीवर ऐकाया भरून घेतलंय, हे सांगाया लाजत हुते. मी म्हणलं, साहेब, तुमच्या नावाचे लई उपकार."

आम्ही कॅसेट लावली. निळी चादर, प्लॅस्टिकची फुलं, मी. मग पालीची शाळा, मांडव, खुर्च्यांवर पाहुणे. आणि मग ती दिसली. दोन वेण्या, निळा फ्रॉक, माइक उंच झाल्यामुळे टाचा वर केलेल्या. ती बोलत होती, हात करून धरण दाखवत होती. आणि आवाज माझा होता. तिच्या हलणाऱ्या ओठांवर मी वाचत होते: अध्यक्षस्थानी अमुक, प्रमुख पाहुणे तमुक, यांची उपस्थिती, यांचे मार्गदर्शन, यांनी आभार मानले. पाऊण मिनिट ती बोलली आणि पाऊण मिनिट मी नावं घेतली. चित्रावर माझा आवाज भरला की खालचा मूळ आवाज जातो, हे आम्ही दोघं रोज करत होतो, आणि महिनाभर शोधताना आमच्यापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. त्या यादीत मनीषाचं नावही नव्हतं.

मला रडू आलं. भाई पडद्याकडं बघत म्हणाले, "मीच म्हणायचो, नावं सगळी घ्या. हिचं एक राहिलं." मी म्हटलं, बाईंना नकोच बोलवायला. ते म्हणाले, "न्हाई ताई. आता लपवायचं न्हाई. जे हाय ते दावायचं."

कौसाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. या वेळी भाई स्वतः स्कूटरवरून त्यांना आणायला गेले होते आणि वाटेतच सगळं सांगितलं होतं, की चेहरा आहे, आवाज नाही. त्या स्टुलावर बसल्या. भाईंनी टीव्हीचा आवाज पार बंद केला, माझी नावं तरी त्यांच्या कानावर पडू नयेत म्हणून, आणि कॅसेट लावली. खोलीत काहीच आवाज नव्हता. पडद्यावर मनीषानं टाचा वर केल्या आणि तोंड उघडलं.

आणि कौसाबाई बोलायला लागल्या. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो. मी आज तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे, ते आपण शांतपणे ऐकून घ्यावेत, ही नम्र विनंती." एक अक्षर इकडचं तिकडं नाही. जी बाई शाळेची पायरी चढली नव्हती, तिच्या तोंडून पुस्तकातली मराठी निघत होती. महिनाभर चुलीपाशी लेकीनं पाठ केलेलं ऐकून ऐकून आईचं पाठ झालं होतं. पडद्यावरचे ओठ आणि समोरचा आवाज जुळत होता. भाई उभे होते ते हळूच खाली बसले.

मध्येच कौसाबाई पुढं गेल्या आणि मनीषा मागं राहिली. पडद्यावरच्या मुलीनं खाली पाहिलं, ओठ चावला, फ्रॉकचं टोक मुठीत धरलं, आणि मग पुन्हा मान वर करून बोलायला लागली. कौसाबाई थांबल्या. त्यांनी पडद्याला हात लावला.

"इथं इसरली की ही," त्या म्हणाल्या. "बघा ना, इसरली! मला म्हणली, माय, एकदाबी अडले न्हाई. लबाड." आणि त्या हसल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या. लेक गेल्यानंतर तिच्याविषयी कळलेली ती पहिली नवी गोष्ट होती.

त्यांनी तो तुकडा चार वेळा लावायला सांगितला. चौथ्या वेळी भाई उठले, माइक आणला आणि त्यांच्यापुढं टेबलावर ठेवला. म्हणाले, "माय, आता ह्यात बोला. तिच्या तोंडावर तुमचा आवाज भरतो. घरी न्या." ती कॅसेट आता तुमच्याकडेच ठेवा, असं उपसभापतींनी सांगून टाकलं होतं. भाईंनी यंत्राच्या बटणावर बोट ठेवलं आणि थांबले. मग माझ्याकडं वळले.

इतकी वर्षं त्यांनी मोर्चे पुसले होते, उद्घाटनं पुसली होती, मंत्र्यांची भाषणं पुसली होती. कधी कुणाला विचारलं नव्हतं. मला म्हणाले, "ताई, तुमचा आवाज पुसू का?"

मी म्हटलं, "पुसा, भाई."

त्यांनी बटण दाबलं. कौसाबाईंनी पदर नीट केला आणि सुरुवात केली. मनीषा जिथं अडली होती तिथं त्या या वेळी थांबल्या, आणि लेकीला आठवेपर्यंत वाट पाहिली.